तीन माणसं आणि थोडं

लिफ्टमध्ये शिरलं की बहुतेक लोक वरच्या लाल आकड्यांकडे बघत उभे राहतात. मी पाटी वाचते. ‘क्षमता : १५ व्यक्ती, १०२० किलो.’ नोकरीला लागल्यापासून ही पाटी किती हजार वेळा वाचली असेल देव जाणे, पण भागाकार कधी केला नव्हता. तो एका पेशंटने करून दाखवला, खाटेवर पडल्या पडल्या, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क असताना. १०२० भागिले १५, म्हणजे ६८.

“म्हणजे यांच्या हिशेबी एक माणूस ६८ किलोंचा,” मास्कच्या आतून आवाज आला. “मग मी किती माणसं हो, सिस्टर?”

मला उत्तर येत होतं. मी दिलं नाही.

त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यामुळे वॉर्डात सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. वजन २२८ किलो. हा आकडा मिळवायलाही दोन दिवस गेले होते, कारण वॉर्डातला उभ्याने वजन करायचा काटा २००ला संपायचा. त्यापुढे पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. शेवटी वजन करणारी मोठी खाट आली, तेव्हा आकडा कळला. तोवर केसपेपरवर वजनाच्या रकान्यात कुणीतरी ‘जास्त’ एवढंच लिहून ठेवलं होतं. औषधाचा डोस ‘जास्त’वर काढता येत नाही, आणि लिफ्टचा हिशेबही.

अशा पेशंटसाठी वैद्यकात शब्द आहे, बॅरिॲट्रिक. ‘बारोस’ म्हणजे ग्रीक भाषेत वजन, त्यावरून आलेला. पुस्तकात बरा दिसतो. पॅसेजमध्ये तो शब्द कुणी वापरत नाही. तिथे हाक ऐकू येते ती अशी : “अजून दोघं या रे, जड पेशंट आहे!” आणि जड पेशंटचे कान आपल्यासारखेच असतात.

तर ती रात्र. बाईंना दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून पाचव्या मजल्यावरच्या आयसीयूत हलवायचं होतं. हृदय थकलेलं, अंगात पाणी साचलेलं, धाप वाढत चाललेली. डॉक्टर म्हणाले, “लगेच.” हा शब्द उच्चारला की हात भराभर गोळा होतात, डोकी मागाहून येतात. त्या रात्रीची इनचार्ज मी होते, तेव्हा पुढे जे काही झालं त्यात माझा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते.

खाट मोठ्या वजनाची होती. अशा खाटांना दोन्ही बाजूंनी फळ्या असतात. बाहेर ओढल्या की खाट रुंद होते, माणसाला कुशीवर वळता येतं. पण दारातून न्यायची तर त्या फळ्या आत ढकलाव्या लागतात. फळ्या आत गेल्या, कठडे वर आले, आणि बाईंचे दोन्ही दंड कठड्यांत चेपले. “थोडा वेळच हं,” मी म्हटलं. खाट पुढे ढकलताना समोरचं नीट दिसेना म्हणून मी डोक्याकडचा भाग खाली केला. हे लक्षात ठेवा, याच्यावर परत यायचं आहे.

लिफ्टच्या दाराशी वाद झाला. आधी डोकं आत घ्यायचं की पाय? प्रत्येकाची आपापली पद्धत आणि प्रत्येकाला तीच खरी वाटते. माझं आजचं मत असं की खाट कशीही घाला, पण मास्क सांभाळणारा माणूस लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात चिणला जाता कामा नये, आणि हे दाराशी उभं राहून ठरवायचं नाही. त्या रात्री दाराशीच ठरलं. डोकं आत गेलं, डॉक्टर कोपऱ्यात गेले, पाठोपाठ मी, धाकटी सिस्टर, दोन मामा (म्हणजे वॉर्डबॉय) आणि लिफ्टमन. सहा जण, एक खाट, एक सिलिंडर. दार मिटायला लागलं, अर्ध्यावर थांबलं, परत उघडलं आणि बझर वाजला.

ओव्हरलोडचा बझर तुम्हीही ऐकला असेल. एरवी तो वाजला की शेवटी चढलेला माणूस ओशाळं हसून उतरतो आणि गंमत तिथेच संपते. इथे सहा जणांनी एकाच वेळी बाईंकडे पाहिलं. मीही. अर्धा सेकंद असेल, पण पाहिलं.

“उतरायचं तेवढं मला सांगू नका,” बाई म्हणाल्या. “बाकी काय ते तुम्ही ठरवा.”

कुणी हसलं नाही. लिफ्टमन पुटपुटला, “मालाच्या लिफ्टनेच न्यायला हवं होतं.” पुटपुटला म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

दोन्ही मामा उतरले. ते दाराजवळ होते म्हणून, आणि असल्या वेळी उतरायचं ते मामांनीच, ही सवय म्हणून. बझर थांबला, दार मिटलं, लिफ्ट हलली. आता खरं तर सुटकेचा श्वास सोडायचा, पण मॉनिटरवरचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९३ वरून ८९, ८७, ८४ असं उतरत निघालं. डॉक्टरांनी कोपऱ्यातूनच विचारलं, “हेड-अप कुणी काढलं?”

मी काढलं होतं. सडपातळ माणसाला मिनिटभर सपाट झोपवलं तर त्याला पत्ताही लागत नाही. पोटाचा भार मोठा असेल तर तो आडवं होताच छातीकडे सरकतो, श्वासाचा पडदा वर ढकलतो, फुफ्फुसांत राखीव राहणारी हवा कमी होते. ती राखीव हवा म्हणजे शरीराचा आडीनडीचा साठा. तो संपला की ऑक्सिजनची पातळी हळूहळू उतरत नाही, कोसळते. त्यातून बाईंच्या फुफ्फुसांत पाणी. मी डोक्याकडचा भाग पुन्हा वर घेतला, ४० अंशांपर्यंत. तिसरा मजला, चौथा मजला. बाईंचे डोळे पाटीवर खिळलेले. तेव्हाच त्यांनी तो भागाकार केला, हे मला नंतर कळलं. “काहीतरी मोजत राहिलं की घाबरायला जागा उरत नाही,” असं त्या पुढे एकदा म्हणाल्या. लिफ्टमधला तो प्रश्न त्यांनी पाचव्या मजल्याचं दार उघडता उघडता विचारला होता.

दार उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की ज्यांनी उतरायला नको होतं तेच उतरले आहेत. खाट ढकलायची ताकद मामांच्या खांद्यांत होती, आणि मामा जिन्यात होते. आत उरलो आम्ही चौघं : एकाच्या हातात मास्क, एकाचा हात दाराच्या बटणावर, आणि दोघी बायका अर्ध्या टनाच्या वर वजन ढकलणाऱ्या. पुढची चाकं उंबऱ्यावर गेली आणि उजवं चाक आडवं झालं. लिफ्ट आणि मजला यांच्यात जी फट असते ती तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? युरोपीय मानकात ती जास्तीत जास्त ३५ मिलिमीटर असावी असं आहे. चाक त्यात पडत नाही. पण फिरतं चाक नेमकं फटीच्या रेषेत वळलं की रुतून बसतं, आणि मागून जितका जोर लावाल तितकं जास्त रुततं. चार चाकांवर साधारण साडेपाचशे किलो, म्हणजे एकेका चाकावर १३५ ते १४० किलो. मामा धापा टाकत वर आले, त्यातल्या थोरल्यांनी एक नजर टाकली, आम्हाला खाट वीतभर मागे घ्यायला लावली आणि बुटाच्या टोकाने चाक सरळ केलं. “हात घालायचा नाही कधी,” ते धाकट्याला म्हणाले. मग एकदम बाहेर.

सगळा प्रवास सहा मिनिटांचा. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘रुग्णास सुरक्षितपणे अतिदक्षता विभागात हलविण्यात आले’ आणि खाली सही केली.

घरी गेल्यावर झोप येईना. एका पावतीच्या मागे हिशेब मांडला. खाट २७०, बाई २२८, हवेची गादी आणि तिचा पंप २५, ट्रॉलीसह सिलिंडर २०, मॉनिटर आणि बॅग १२. झाले ५५५. आम्ही सहा जण, पाटीच्याच दराने ६८ गुणिले सहा, ४०८. एकूण ९६३. पुन्हा बेरीज केली. ९६३च. म्हणजे १०२०ला अजून ५७ किलो कमी. आणि बाईंपेक्षा आम्हा सहा जणांचं वजन १८० किलोंनी जास्त. मग बझर वाजला का? आणि वाजला तर आम्ही त्यांच्याकडे का पाहिलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवड्याच्या आत मिळालं. महिन्याच्या सर्व्हिसिंगला लिफ्टचा मेकॅनिक आला तेव्हा मी ती पावती घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने आकड्यांवरून नजर फिरवली, लिफ्टमध्ये उकिडवा बसला आणि पान्ह्याच्या दांड्याने फरशीवर टकटक केलं.

“हे कधी बसवलं?”

आदल्या वर्षी. खालच्या प्रवेशदालनाला चकचकीत दगडी फरशी बसवली, तेव्हा शोभून दिसावं म्हणून लिफ्टच्या तळालाही तीच बसवली होती. पूर्वी तिथे रबराची पातळ चादर होती. मेकॅनिकने माझ्याच पावतीवर लिहिलं : दगड २० मिलिमीटर जाडीचा, एका चौरस मीटरला साधारण ५४ किलो, केबिनचा तळ अडीच चौरस मीटर, म्हणजे १३५ किलो. ९६३ अधिक १३५, १०९८. “तुमचा सेन्सर बरोबर १०२०वर लावलाय. त्याला माणूस आणि दगड वेगळा कळत नाही. दोन माणसं आत कायमची उभी आहेत असं समजा, ताई. रोज वरखाली करतात, उतरत कधीच नाहीत.”

दोन माणसं. म्हणून दोन मामा उतरल्यावर बझर गप्प झाला होता.

फरशी बसवणाऱ्यांनी लिफ्टच्या कंपनीला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्यांना ठाऊक नसावं, आणि सांगायची जबाबदारी ज्याची होती त्याला दालन चकचकीत दिसण्याची घाई होती. मी त्याच्यावर फार चिडत नाही. मीसुद्धा वर्षभर त्या फरशीवरून चालले, छान दिसते म्हणाले.

मेकॅनिक बोलका होता आणि माझी ड्यूटी संपली होती. त्याने मला लिफ्टबद्दल जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. माझी समजूत अशी की वर एक भलीमोठी मोटर असते आणि ती सगळं वजन खेचून घेते. तसं नसतं. दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांचा एक गठ्ठा लोंबत असतो, काउंटरवेट. रिकाम्या केबिनचं वजन, अधिक क्षमतेच्या साधारण निम्मं, इतका तो जड असतो. लिफ्ट वर जाते तेव्हा तो खाली येतो. म्हणजे मोटरला ओढावा लागतो तो दोन्ही बाजूंमधला फरक फक्त. रिकामी लिफ्ट खाली नेणं तिला भरलेली लिफ्ट वर नेण्याइतकंच जड जातं. आणि सगळ्यात सोपा प्रवास कुठला? ज्यात बरोबर निम्मं वजन असतं तो. १०२०चे निम्मे ५१०.

मी पावतीकडे पाहिलं. खाटेसकट बाई : ५५५. आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो असतो आणि तो दगड नसता, तर त्या लिफ्टला दिवसभरातली सगळ्यात हलकी फेरी बाईंची झाली असती.

मला हे इतकं आवडलं की मी ते लगेच वर जाऊन बाईंना सांगणार होते. मेकॅनिकने हात वर केला. “याची दुसरी बाजू पण ऐका. मधेच लाइट गेली आणि लिफ्ट अडकली तर आम्ही ब्रेक थोडा थोडा सोडतो. केबिन जड असेल तर ती खाली सरकते, हलकी असेल तर वर. कुठल्या तरी मजल्याला लागते, माणसं बाहेर येतात. पण वजन जिथे अगदी बरोबरीत असतं ना, तिथे ब्रेक सोडला तरी ती जागची हलत नाही. मग हाताने चाक फिरवत बसा, नाहीतर बॅटरीवर चालणारं यंत्र हवं.” तोल साधलेल्या गोष्टी अडकल्या की अवघड, असं काहीतरी तो पुढे म्हणाला, पण तोवर माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं : आमच्या लिफ्टला ते बॅटरीचं यंत्र आहे का? होतं. बॅटरी मेलेली होती. ती त्याने त्याच दिवशी बदलली, हा त्या पावतीचा सगळ्यात मोठा फायदा.

दोर तुटायची भीती बाईंना होती. बहुतेकांना असते, जड माणसांना जास्त, कारण आयुष्यभर खुर्च्यांनी त्यांना दगा दिलेला असतो. ही भीती मात्र निराधार आहे. लिफ्ट एका दोरावर लोंबत नसते. तीन किंवा अधिक दोर असतील तर युरोपीय मानकात प्रत्येकाची ताकद त्याच्यावर येणाऱ्या भाराच्या निदान बारा पट धरतात. शिवाय केबिन वेगाने खाली जाऊ लागली तर रुळांना घट्ट पकडणारे जबडे असतातच. दोर तुटला तरी पाळणा पडू नये, ही युक्ती एलिशा ओटिस या अमेरिकन यंत्रकाराने १८५४मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात लोकांसमोर दाखवली होती : स्वतः उंचावर उभा राहिला आणि वरचा दोर कापायला लावला. लिफ्टमध्ये जड पेशंटला धोका असतो तो दोराचा नाही. धोका उंबऱ्यावरच्या फटीचा, सपाट केलेल्या खाटेचा, अर्ध्या भरलेल्या सिलिंडरचा, दारात अडकलेल्या कोपराचा.

आणि ढकलणाऱ्याच्या कमरेचा. हे जरा विस्ताराने सांगते, कारण ही कंबर माझी आहे. रुग्ण हाताने उचलताना एका माणसावर किती भार यावा, याची मर्यादा अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रावरून २००७मध्ये काढली गेली : ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो. तेही परिस्थिती चांगली असताना. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहावा हिस्सा असतो. बाईंचा एक पाय म्हणजे ३८ किलो. चादर बदलताना “जरा पाय उचल गं” असं आपण धाकट्या सिस्टरला सहज सांगतो, ते काम एकटीचं नसतंच मुळी. मी वीस वर्षं ते एकटीने केलं. आता जिने चढताना कठडा धरते. घसरती चादर, हवेवर तरंगवणारी गादी, छतातल्या रुळावरचा पाळणा, ही साधनं आहेत, आणि ती कपाटात कुलूपबंद राहिली तर कुणाच्याच कमरेला उपयोग नाही. आमच्याकडची घसरती चादर सापडली तेव्हा ती पाकिटातून काढलेलीही नव्हती.

तो ६८चा आकडा मात्र माझ्या मनातून गेला नाही. हा माणूस कोण? तो कुणी वजन करून पाहिलेला माणूस नाही, सरासरी आहे. ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने, १८३५च्या सुमारास. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांची सरासरी काढतात, तशी त्याने माणसांच्या उंचीची, छातीच्या घेराची काढली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं सूत्रही त्याचंच. १९७२मध्ये ॲन्सल कीज या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक केसपेपरवर ते बसलं आहे. ३०च्या वर लठ्ठ, ४०च्या वर अतिलठ्ठ. गंमत अशी की केतलेने ते सूत्र एकेका माणसाला तोलायला काढलंच नव्हतं, त्याला लोकसंख्येचं चित्र हवं होतं. तेच लिफ्टच्या पाटीचंही. पंधरा अनोळखी माणसं चढली तर कुणी ५० किलोंचा, कुणी ९०चा, गोळाबेरीज जमते. एका माणसाला उभं करून विचारलं की तू किती माणसांचा, तर पाटीचाच घोटाळा होतो.

बाई अकरा दिवसांनी परत वॉर्डात यायच्या होत्या. या वेळी ‘लगेच’ कुणी म्हणणार नव्हतं, तेव्हा मी आधीपासून तयारीला लागले. आमच्या इमारतीच्या मागच्या टोकाला एक मोठी लिफ्ट आहे. कपड्यांच्या गाड्या, जेवणाच्या ट्रॉल्या तीतून जातात, म्हणून तिला सगळे मालाची लिफ्ट म्हणतात. ती मुळात खाटांसाठीच बसवलेली होती, हे तिच्या मापांवरून कळतं : दीड मीटर रुंद, २ मीटर ७० सेंटिमीटर खोल, २००० किलो. लिफ्टमन त्या रात्री जे पुटपुटला ते बरोबरच होतं. त्याचा निर्णय बरोबर होता, पुटपुटणं चुकीचं होतं.

एका दुपारी टेप घेऊन मी आणि थोरले मामा सगळा रस्ता मोजत गेलो. दारं, वळणं, पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली कपाटं. फळ्या बाहेर ओढलेली खाट १२० सेंटिमीटर. मोठ्या लिफ्टचं दार १३०. म्हणजे दंड चेपायची गरजच नाही. मग रिकामी खाट ढकलत एक फेरी मारली. लोक विचारत होते, “पेशंट कुठंय?” मामा म्हणत, “येतोय मागनं.” त्या फेरीत दोन गोष्टी कळल्या. एका वळणावर जमिनीला उतार आहे, तिथे पुढे एक माणूस रोखून धरायला हवा. आणि मोठ्या लिफ्टची चावी, जी फिरवली की लिफ्ट बाहेरच्या कुठल्याही बटणाला दाद देत नाही आणि दार आपण सांगेपर्यंत मिटत नाही, ती सुरक्षारक्षकाच्या ड्रॉवरमध्ये होती आणि ती कशाची आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो तिच्याने डबा उघडायचा.

ऑक्सिजनचा हिशेब मी आता सगळ्यांकडून तोंडी करून घेते. १५०० लिटरचा भरलेला सिलिंडर, मिनिटाला १० लिटर लागत असतील तर दीडशे मिनिटं. काटा निम्म्यावर असेल तर पाऊणशे. प्रवास दहा मिनिटांचा असला तरी हिशेब लिफ्ट अडकल्याचा करायचा.

आदल्या संध्याकाळी आयसीयूत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. कुठल्या वाटेने, किती जण, कोण कुठे उभं राहणार. दगडाचंही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एकशे पस्तीस?”

“साधारण.”

“आणि मला वाटत होतं...” पुढचं त्यांनी सोडून दिलं. मग मागच्या लिफ्टचा विषय निघाला. लोक तिला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. “माल म्हणा हवं तर,” त्या म्हणाल्या, “पण वेळेवर पोचवा.”

सकाळी निघालो. डोक्याकडचा भाग ४० अंशांवर, आणि तो कुणी हलवायचा नाही असं सगळ्यांना बजावलेलं. आत पाच जण, त्यात दोन्ही मामा. खालच्या मजल्यावर दोघं आधीच जाऊन उभे. दाराशी वाद नाही, कारण पाय आधी असं ठरलं होतं. मास्क सांभाळणारी सिस्टर दाराकडे. दोन्ही पुढची चाकं एकदम, सरळ, सावकाश. चावी फिरली, दार मिटलं. बझर वाजला नाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

बाईंनी पाटी शोधली. ती या लिफ्टमध्ये डाव्या भिंतीवर होती, त्यांना मान वळवावी लागली. ‘२००० किलो, २६ व्यक्ती.’ मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पाहत होते.

“इथे माणूस जवळजवळ सत्त्याहत्तरचा होतोय,” त्या म्हणाल्या.

ही लिफ्ट दुसऱ्या बनावटीची, युरोपीय मानकाची. तिकडे एका व्यक्तीचे ७५ किलो मोजतात आणि भागाकारातला वरचा अपूर्णांक सोडून देतात. अकरा दिवसांत अंगातलं पाणी उतरून बाईंचं वजन २१७ झालं होतं.

“तिकडे मी तीन माणसं आणि थोडं होते. इथे तीनसुद्धा भरत नाही.” धाकटे मामा हसले. या वेळी बाईही हसल्या, म्हणून सगळेच हसले.

दुसरा मजला आला. दार उघडलं. मागची चाकं... आता पायाकडची चाकं मागे होती, कारण बाहेर येताना डोकं आधी. डोक्याकडची चाकं उंबऱ्यावरून गेली, अर्धं वजन मजल्यावर आलं, आणि लिफ्टचा तळ नखभर वर उचलला गेला. मेकॅनिकने हे सांगितलं होतं : दोर म्हणजे लांबलचक स्प्रिंगच, भार उतरला की आखडतात. मघा सपाट असलेल्या उंबऱ्याला आता पायरी झाली होती.

“सिस्टर, मागचं चाक,” थोरले मामा म्हणाले.

“थांबा,” मी म्हटलं. सगळे थांबले. लिफ्टने बारीक गुरगुर केली आणि तळ परत मजल्याला आणून लावला.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. भार उतरला तशी लिफ्ट जराशी वर आली.”

“किती?”

“मोजलं नाही हो.”

“मोजायला हवं होतं,” बाई म्हणाल्या, आणि मामांनी खाट ढकलली.